चार पावलं पुढं

ठोसेघरच्या धबधब्याच्या पायऱ्यांवर सहलीला एकटेच आलेल्या ज्ञानू हवालदारांनी सवयीनं, मान न वळवता हात मागं केला. फौजेतून सुट्टीवर आले की जत्रा असो वा लग्न, ते चार पावलं पुढं आणि बायको मागं. हात मागं गेला की पाण्याची बाटली हातात यायची. तिला जाऊन वर्ष झालंय हे आठवून हात आवरणार, तोच हातात बाटली आली. जन्मात पहिल्यांदाच ते मागं वळले. धापा टाकत एक अनोळखी बाई उभी होती. "घ्या. हात मागं आला की द्यायची सवयच हाय." "तुमचं मालक?" बाईनं खाली बोट दाखवलं. एकजण झपाझप उतरत होता. "आवं पाव्हणं, मागं वळून बघा!" हवालदार ओरडले. धबधब्याच्या आवाजात ऐकू कुठलं जायला? त्यानं नुसता हात मागं केला.