अकरावा फर्मा

मास्तरांनी कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. खाली अकराव्या फर्म्याचा गठ्ठा जसाच्या तसा होता. एक हजार फर्मे, एकालाही दोरा लागलेला नाही. आणि पुस्तकं शिवून, कापून, गाडीत भरून जाऊन आठवडा झाला होता.

फर्मा म्हणजे सोळा पानं. फर्मे ओळीनं उचलायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, हे मास्तरांचं काम. तीस वर्षांत त्यांनी एक पान इकडचं तिकडे केलं नव्हतं, म्हणून तर अख्खा छापखाना त्यांना मास्तर म्हणायचा. गेल्या साली एकानं चार मुखपृष्ठं उलटी चिकटवली, तर मालकांनी त्याला दुपारच्या चहाआधी घरी पाठवलं होतं. इथं तर पुस्तकाचा शेवटच राहिला होता. तोही रहस्यकथेचा.

त्या दिवशी मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः बांधलेलं पुस्तक वाचलं. एरवी ते पानांचे आकडे तेवढे बघत. दहावा फर्मा संपतो तिथं, एकशे साठाव्या पानाच्या तळाशी, ती बाई बंद घरापाशी येते. ‘तिनं बाहेरची कडी काढली. आतून कुणीतरी कडी लावली.’ पूर्णविराम. पुस्तक खलास. मास्तर उठले आणि भर दुपारी खोलीचं दार उगाच दोनदा ढकलून बघून आले.

मग त्यांनी राहिलेला फर्मा वाचला. त्यात एक इन्स्पेक्टर येतो आणि सोळा पानं समजावत बसतो. आत काका होता, काकाला घर हवं होतं, कडीला तार बांधली होती. मास्तरांना चक्क जांभई आली. पण जांभई येऊन चूक थोडीच मिटते? त्यांनी गठ्ठ्यावर पुन्हा ताडपत्री ओढली, कुणापाशी ब्र काढला नाही, आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

पंधरवड्यानं वाचकांची पत्रं यायला लागली. मालक पुस्तकं छापत, वाचत नसत. पत्रं मात्र चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवत. एका निवृत्त पोलिसानं लिहिलं होतं, ‘नोकरीभर गुन्हेगार शोधले. हा सापडत नाही, याचं फार बरं वाटलं.’ एका नर्सबाई स्वतःच्या घराची कडी काढताना आधी खोकत होत्या. एक प्राध्यापिका म्हणत होत्या, की वाचकाला असं दारात उभं करून निघून जायला छाती लागते. एकाच गृहस्थांची तक्रार होती: ‘शेवटची पानं बायकोनं फाडली असा मला संशय आहे. ती नाही म्हणते. आमचं बोलणं बंद आहे.’ सगळे खो-खो हसले. मास्तरांचा चहा कपातच गार झाला.

घरी बायकोनं ताट पुढं सरकवत विचारलं, “अहो, त्या पुस्तकातलं भूत तुम्हालाच लागलंय की काय? दार वाजलं की दचकता.”

मास्तरांनी भात कालवायला घेतला. खरं तर तिनं नेमकं दुखणं पकडलं होतं. दार वाजलं की त्यांना लेखकच आला असं वाटायचं.

आणि एका सकाळी मालक हात चोळत आले. “मास्तर, दुसरी आवृत्ती. उद्या लेखकसाहेब स्वतः येतायत, तुम्हाला भेटायचंय म्हणाले.”

मास्तरांनी हातातली सुई खाली ठेवली. अकरावा फर्मा लावला तर पहिली चूक उघडी पडणार. न लावावा तर ती चूक कुठली, ती लबाडी झाली. चूक एकदा होते, असं त्यांनी स्वतःला ठणकावलं. दुसऱ्या दिवशी लेखक बाइंडिंगच्या खोलीत शिरले, तेव्हा मास्तरांनी नमस्कारही केला नाही. सरळ कोपऱ्यात जाऊन ताडपत्री बाजूला केली.

“साहेब, हा तुमचा शेवट. माझ्या हातून राहिला. मालकांना मीच सांगतो. हिशेब आजच करा म्हणतो.”

लेखक गठ्ठ्यापाशी वाकले. वाळकुडा माणूस, डोळ्यांखाली काळं झालेलं. “माझी प्रत उशिरा आली, पण उघडताच मला कळलं होतं,” ते म्हणाले. “भांडायला चपला घालून निघालो होतो. तेवढ्यात दारात पहिलं पत्र आलं. मग दुसरं. लोक जे डोक्यावर घेतायत ते मी लिहिलेलंच नाही, मास्तर. महिनाभर मीही झोपलेलो नाही.” त्यांनी वरचा फर्मा उचलला. “तुम्ही वाचलात हा फर्मा?”

“वाचला.”

“वाचक म्हणून तो वाचलेले या जगात तुम्ही एकटेच. कसा वाटला?”

मास्तरांनी खळीचे हात पंचाला पुसले. खोटं बोलले असते तर कदाचित नोकरी वाचली असती. “आधी भ्यालो होतो, साहेब,” ते म्हणाले. “हा वाचला आणि भीती गेली. जांभई आली.”

लेखकांनी मान हलवली. मग पिशवीतून एक जाडजूड हस्तलिखित काढलं आणि मास्तरांच्या पाटावर, सुई-दोऱ्याशेजारी ठेवलं.

“हे नवीन आहे. घरी न्या, वाचा, आणि यातला कुठला फर्मा बांधायचा विसरायचा, ते या वेळी मला आधी सांगा.”