मागचं दार

“मागचं दार कुठंय?”

प्रमिलाने गाडीभोवती दुसरी फेरी मारली. एका हातात वालाच्या शेंगांची पिशवी, दुसऱ्या हातात लिंबू. लाल गाडी अंगणात बेडकासारखी बसली होती. बुटकी, रुंद, डोळे वटारून. बॉनेटचा लाल वेगळा, दारांचा लाल वेगळा. आणि दारं दोनच.

“नाय मागचं दार,” हेमंत म्हणाला. पठ्ठ्या असा हसत होता, जसं काही गाडी बाजारातून नाही, त्याच्या पोटातूनच आली होती.

“मग मी बसू कुठं?”

कुंपणापाशी जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. “टपावर बस गो!” बाईजाकाकू ओरडल्या. “आनि हेमंता, तू जत्रेच्या जत्रा वाहणारा मानूस, नि ही काय डबी आनलीस?”

काकूंचं खोटं नव्हतं. शहापूर-मुरबाड रस्त्यावर हेमंतची जीप चालायची. त्या जीपमध्ये जागा नाही, असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. माणसं भरली की कोंबड्या. कोंबड्या भरल्या की पुन्हा माणसं. तरी हेमंत खिडकीतून हात काढून ओरडायचा, “चला, आजून दोन बसतील!” स्टँडवरची पोरं त्याला ‘आजून दोन’ म्हणूनच हाक मारायची. असा माणूस कल्याणला जातो काय आणि दोन दारांची जुनी गाडी घेऊन येतो काय! मोटारसायकलच्या भावात मिळाली म्हणे. का घेतली, असं विचारलं तर एकच उत्तर. “आवडली.”

मितालीला कारण नकोच होतं. दहावीतली त्याची ही लेक पुढची सीट पाडून केव्हाच मागे शिरली होती. मागची सीट म्हणजे नावाला गादी लावलेली फळी. गुडघे हनुवटीला लागत होते. बाजूला अजून एक माणूस मावलं असतं, अंग चोरून.

“आई, बस ना पुढं! मामाकडे बारसं आटपेल, आपण अजून अंगणातच!”

पिशवी मागे मितालीकडे देऊन प्रमिला पुढे बसली. पण कशी, तर दुसऱ्याच्या घरी खुर्चीवर बसतात तशी. कडेला. लिंबू मुठीत घट्ट.

लिंबू तिला लागायचंच. जीपमध्ये ती निघताना पुढे बसायची खरी, पण पहिल्याच थांब्यावर कुणीतरी यायचं. “प्रमिला, मागं सरक गो,” हेमंत म्हणायचा. ती सरकायची. धंदा होता, राग कसला? मग सगळ्यात मागच्या आडव्या फळीवर, पोत्यांच्या नि पायांच्या मधे, डोळे मिटून लिंबू हुंगत ती मुरबाड गाठायची. माहेरच्या दारात पोचली की आधी आडवी व्हायची. भावाशी बोलणं त्यानंतर. हल्ली तर ती जायचंच टाळायची. ड्रायव्हरची बायको, पण हा रस्ता तिने समोरून कधी पाहिलाच नव्हता.

गाडी निघाली. निघाली कसली, सुटली! जीपमध्ये वीस ठिकाणी ब्रेक मारणारा हेमंत आज वळणावर गाडी अशी घालत होता की मागे मिताली या खिडकीवरून त्या खिडकीवर. “पप्पा, अजून एकदा!”

“अहो, हळू! रस्ता बुडाला लागतोय माझ्या!” प्रमिला ओरडली. आणि हसली.

गतिरोधक आला की हेमंत गाडी तिरपी घालायचा. खालून खर्रर्र आवाज यायचा. तिघंही पोट आत ओढून श्वास धरायची, जसं काही तेवढ्यानं गाडी वर उचलली जाणार होती.

हळूहळू प्रमिलाची पाठ सीटला टेकली. सागाची झाडं समोरून येत होती. भात कापलेली शेतं उघडत होती. “अहो, ते बघा, वळण!” तिने बोट दाखवलं. त्या रस्त्यावर जन्म घालवलेला हेमंत गंभीरपणे म्हणाला, “हां गो, दिसला.” लिंबू केव्हा मुठीतून सुटून पायाशी गडगडत गेलं, तिला कळलंच नाही.

किन्हवलीच्या नाक्यावर एक हात वर झाला.

जगदीश दाजी. हेमंतच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरचे जावई. त्यांना बसायला पाट, जेवायला पहिलं ताट आणि गाडीत पुढची सीट. हे काही कुणी ठरवलं नव्हतं, ते होतंच. हेमंतने गाडी थांबवली.

दाजी वाकले. गाडी इतकी बुटकी की त्यांना बरंच वाकावं लागलं. त्यांनी आत नजर फिरवली. “मुरबाडलाच ना? बरा झाला. वहिनी, तुमी व्हा मागं, पोरीजवळ जागा हाय.”

प्रमिलाने दार उघडलं सुद्धा. एक पाय जमिनीवर. हात खाली लिंबू चाचपडत होता.

मितालीने शेजारच्या रिकाम्या गादीकडे पाहिलं. मग दोन्ही पाय उचलून तिच्यावर लांब केले. वर वालाची पिशवी ठेवली.

“प्रमिला, पाय आत घे,” हेमंत हळूच म्हणाला.

प्रमिला त्याच्याकडे बघतच राहिली. पाय मात्र तिने आत घेतला. त्याने तिच्या पुढून हात घालून दार ओढून घेतलं. खिडकीकडे मान वाकवली. आणि शहापूर ते मुरबाड कुणी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, ते तो बोलला.

“दाजी, मागून जीप येते. ही गाडी फुल हाय.”