चौथी जागा

पॅरिसची सहल ठरली आणि त्याने नेहमीसारखे हात वर केले. “अगं, हे तूच बघ. मुलांचं तुलाच कळतं.” खरंच होतं म्हणा ते. ज्याला कपाटातले स्वतःचे मोजे सापडायचे नाहीत, तो परक्या शहरात दोन पोरांना घेऊन काय फिरणार, कपाळ!

ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. हॉटेल लिफ्टवालं, कारण जिना दिसला की धाकटा कडेवर घे म्हणतो. मनोरा पहिल्याच दिवशी, नाहीतर थोरली भुणभुण लावून सगळ्यांचं डोकं खाईल. बस शक्यतो नकोच, धाकट्याला लागते. शेजारी ठेवलेला चहा निवून त्यावर साय आली होती.

“आई, माझं अस्वल पण येणार ना?” धाकट्याने विचारलं.

“येणार. त्याला तिकीट लागत नाही.” तिने स्क्रीनवरची नजर काढली नाही.

आता विमानातल्या जागा तेवढ्या राहिल्या होत्या. धाकट्याला खिडकी, त्याच्या शेजारी थोरली, मग कडेला पोरांचा बाबा, कारण त्याला सारखं उठायचं असतं. चौथ्या जागेपाशी तिचं बोट थांबलं. तिने त्याला फोन लावला.



“एवढंच सांग,” ती म्हणाली, “तुझ्या बायकोला खिडकी लागते का?”