सागवानी आवाज

“कोठी रिकामीच आहे, घ्या तीच,” पद्मजा म्हणाली. “उरलेला गहू पिशवीत ओतलाय.”

चंद्रशेखरनं पत्र्याची कोठी भिंतीशी आडवी केली आणि तिच्यात स्पीकरचा काळा डबा सरकवला. कॉम्प्युटरला लावतात तसला, यवतमाळच्या बाजारातला असेंबल्ड डबा. कोठीत ठेवला की जरा घुमतो, हे त्याला कालच कळलं होतं. डब्याचे दोन चिमुकले स्पीकर त्यानं स्टुलांवर चढवले, आवाज पूर्वीच्याच उंचीवरून यावा म्हणून. मग समोर दोरी बांधून जुनी सोलापुरी चादर टाकली.

“दिसतं का काही?”

“दिसत नाही. पण ऐकू तर येईल ना,” ती म्हणाली. “कानात बोळे घालून येणार आहेत का ते?”

चंद्रशेखर सत्तावन्न वर्षांचा. दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. कापसाचा पुंजका चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगणारा. यंदा केंद्रावर गाड्या कमी आणि पगार त्याहून कमी. दिवाळीनंतर तर आलाच नव्हता. लेकीची, केतकीची कॉलेजची फी भरायची वेळ आली, तेव्हा त्यानं अर्धं आयुष्य घालून जमवलेला सेट नागपूरच्या एका हौशी डॉक्टरला देऊन टाकला. वाल्व्हचा अॅम्प्लिफायर गेला, स्वतः रंधा मारून केलेली स्पीकरची कमरेएवढी सागवानी खोकी गेली. टेम्पो निघाला तेव्हा तो मुद्दाम मोरीत जाऊन बसला होता. त्याला ते बघवलं नसतं.

सेट गेल्याचं दुःख होतंच, पण भीती निराळी होती. महिन्यातला दुसरा रविवार. तिघं जण पाळीपाळीनं एकमेकांकडे गाणं ऐकायला जमत, आणि आज पाळी त्याची होती. वणीहून धर्मपाल यायचा, कोळसा खाणीतला इलेक्ट्रिशियन, वय एक्कावन्न. त्याचा पगार वेळेवर होई, पण भावाची आणि सासरची शेती त्याच पगारावर तगून होती. पुसदचा देवसिंग त्रेचाळीसचा. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान, आणि निम्मा तालुका त्याच्या उधारीत. कामं वेगळी, वयं वेगळी, खोड मात्र एकच. शौकाला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त ते बायकोला निम्मंच सांगायचं असतं.

गेली दोन-तीन वर्षं या भागात रोज कानावर काही ना काही वाईटच पडे. त्या एका दुपारी तेवढे कान धुऊन निघत. चंद्रशेखरला आता दुसरं काही नकोच होतं. पण डबा ऐकायला वणीहून कोण येणार? हे कळलं की रविवार संपला, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

पडद्याची पद्धत त्याच्या पथ्यावर पडली होती. ती काढली देवसिंगनं, मागच्या वर्षी पुसदला. “डोये पाह्यते आन् कान फसते, भाऊ. आता सेट झाकूनच आयकू.” पडद्यामागं ज्याचं घर त्याच्याशिवाय कोणी जायचं नाही, ही पुस्ती धर्मपालची. चंद्रशेखरला तेव्हा हा पोरखेळ वाटला होता. वणीचा आणि पुसदचा आवाज त्यानंतर त्याला जरा दबलेला वाटे, पण कापड आवाज खातं, असं देवसिंगनं समजावलं आणि त्याला ते पटलं.

दुपारी दोघंही आले. पोहे झाले, चहा झाला, रस्त्यांना शिव्या घालून झाल्या. चंद्रशेखर चादरीमागं गेला, तेवढ्या उरलेल्या सीडी प्लेअरवर सरोदची सीडी लावली आणि घाम पुसत बाहेर येऊन बसला.

डबा वाजू लागला. त्याच्या कानाला तर पत्र्यावर खडे पडत होते. धर्मपाल आणि देवसिंग डोळे मिटून बसले होते.

“वा!” देवसिंग म्हणाला.

“खालचा आवाज पाय ना कसा भरून येऊन राह्यला,” धर्मपाल म्हणाला. “सागवान हाये बाप्पा ते.”

पद्मजा पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

आधी चंद्रशेखरला सुटल्यासारखं वाटलं. मग राग आला. इतकी वर्षं ज्यांच्या कानांवर विसंबलो, ते हे कान? आणि मग लाज वाटली. धर्मपाल अंधारात उठून, दोन एसट्या बदलून आला होता. भल्या माणसाला आपण गव्हाच्या कोठीपुढं मान डोलवायला बसवलंय. ते त्याला सोसेना.

तुकडा संपला.

“शेखरभाऊ, पुन्हा लावा ना तेच,” धर्मपाल म्हणाला. “मन नाई भरलं.”

चंद्रशेखर उठला आणि त्यानं चादरच ओढली. ती दोरीसकट खाली आली.

“सेट विकला मी,” तो म्हणाला. “दोन महिने झाले. पगार नाही, पोरीची फी होती. तुम्ही आतापर्यंत हे खेळणं ऐकत होता. यापुढं यावंसं वाटलं तर या, नाहीतर राहू द्या. माझ्यानं हे नाटक आता होत नाही.”

देवसिंगनं धर्मपालकडे पाहिलं, मग खाली सतरंजीकडे. चंद्रशेखरला वाटलं, आता हे उठतील, चपला शोधतील.

धर्मपाल उठला खरा. पण तो कोठीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला आणि आत वाकून डबा निरखू लागला.

“यवतमायले घेतला काय वो हा?”

“हो,” चंद्रशेखर म्हणाला.

“पाय देवसिंग,” धर्मपाल मागं न बघताच म्हणाला, “आपल्या दोघाइच्या डब्यापेक्षा हा लय साफ वाजते.”