पाहणीचा पाहुणचार

"ती जाली आधी उचल," गोमाजी बायकोवर खेकसला. "मॅडम दहाला येनार."

जनाबाईने बांबूंवर वाळत टाकलेली जाळी गुंडाळली. बाळकुमच्या खाडीकाठची ही जागा तिच्या सासूच्याही सासूच्या वापरातली. इथे जाळी वाळायची, सुकट वाळायची आणि बायकांची भांडणंही इथेच व्हायची. आता सरकारी नकाशात या जागेवरून रस्ता आला होता. पाहणीला येणाऱ्या मॅडमनी जागा कोळीवाड्याच्या हद्दीत धरली, तर रस्ता वळणार. नाहीतर गेलीच.

पाहणी म्हटल्यावर गोमाजीला पाहुणेच आठवले. त्याने अख्खी आळी कामाला लावली. बांबू उपटले, होड्या ढकलत पार पुलापलीकडे नेल्या, सुकट घरात कोंडली. हापिसातल्या बाईमाणसाला वास कसा सोसणार? जनाबाईने जमीन झाडली, सडा घातला, रांगोळी काढली. मंडपवाल्याकडून खुर्च्याही आल्या.

"बाबा, लगीन हाय का कोनाचा?" मुलगा प्रणित हसला.

"लग्नापेक्षा मोठा हाय."

क्षिप्रा मॅडम वेळेवर आल्या. चहा घेतला, जनाबाईला मावशी म्हणाल्या. बाई स्वभावाने खरंच चांगली होती.

गोमाजीने हात जोडले. "मॅडम, हितं आमची जाली सुकतान. आमच्या बाजूनं लिवा."

"काका, मी कुणाच्याच बाजूने लिहीत नाही. डोळ्यांना दिसतं तेच लिहिते, फोटो जोडते. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"तेच पायजेल!" गोमाजीला भरून आलं. जन्मात पहिल्यांदा सरळ अधिकारी भेटला होता.

मॅडमनी मापं घेतली, फोटो काढले. "जागा छान ठेवलीत हं," निघताना त्या म्हणाल्या. जनाबाईने त्यांची ओटी भरली. त्या दिवशी गोमाजी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

महिन्याभराने अंतिम नकाशा लागला. रस्ता सरळच्या सरळ त्यांच्या जागेवरून गेला होता. गोमाजी नकाशासमोरच ओरडला.

"फसवला बाईनं! चहा पिऊन खोटा लिवला!"

"खोटा नाय लिवला, बाबा," प्रणित म्हणाला. त्याच्या हातात हापिसातून आणलेला पाहणीचा कागद होता.

"मंग काय लिवलाय? वाच."

प्रणितने बोट ठेवून खालचा शेरा वाचला.

"जागा संपूर्ण मोकळी व अत्यंत स्वच्छ आढळली. जाळी, होड्या अथवा मासळी सुकवण्याची कोणतीही खूण दिसली नाही."