फ्लेक्सवरचं तोंड

“अजून थोडं उजळवू का, ताई?”

गोरक्षने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माऊस सरकवला. पडद्यावरची पंकजा आणखी गोरी झाली. उसाच्या पात्यांनी गालावर ओढलेले बारीक चरे गेले. डोळ्यांखालचं काळं गेलं. पंकजा खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती. तिला ते मनापासून आवडलं.

पाथर्डीत फ्लेक्स करणाऱ्यांचा हा धर्मच आहे. वाढदिवस असो, निवड असो की श्रद्धांजली, माणूस गोरा केल्याशिवाय चौकात टांगायचा नाही. पंकजा तर कालच गावची सरपंच झाली होती. दर हंगामात कोपरगावकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने पुढाऱ्याच्या सुनेला धूळ चारली होती. गावातल्या पोरांनी मोठा फ्लेक्स लावायचं ठरवलं, आणि फोटो द्यायला ती व तिचा नवरा रामहरी गोरक्षच्या दुकानात आले होते.

साऱ्या गावापुढे माईक धरून बोलणारी ही बाई एकाच माणसापुढे तोंड लपवायची. नवऱ्यापुढे. लग्नाच्या अल्बममध्ये फोटोवाल्याने तिला अशीच उजळ केली होती. पाहुण्या बायका म्हणाल्या, “फोटोत किती ग्वाड दिसती!” तो ‘फोटोत’ तिच्या काळजात रुतून बसला. मग टीव्हीवरच्या मालिका आल्या, क्रीमच्या जाहिराती आल्या, मोबाईलवरचे रील आले. जिकडे बघावं तिकडे गुळगुळीत गोऱ्या बायका. पंकजा स्वतःचा फोटो फिल्टर लावल्याशिवाय कुणाला दाखवेना. तोडीवर असताना पाचटाच्या कोपीत, त्या इवल्याशा झोपडीत, रामहरी जवळ आला, की ती आधी दिवा मालवायची. दिवसा त्याने निरखून पाहिलं तर पदर पुढे ओढायची. आपल्यासारखी काळी बायको याच्या पदरात पडली, याची तिला फार लाज वाटायची. आता निदान चौकात तरी त्याला देखणी बायको बघायला मिळणार होती.

“आता भाऊंचा घेऊ,” गोरक्ष म्हणाला.

बाई सरपंच झाली तरी शेजारी नवऱ्याचा फोटो लागतोच. त्याशिवाय लोकांना निकाल लागल्यासारखा वाटत नाही. रामहरीचा रापलेला चेहरा पडद्यावर आला आणि बघता बघता दुधात बुडवून काढल्यासारखा झाला. भुवईवरची खोक नाहीशी झाली. गोरक्ष छपाईचा रोल बदलायला आतल्या खोलीत गेला.

“बरं दिसतंय, न्हाई?” रामहरी हळूच म्हणाला. “ह्ये तोंड तुला बघवंल.”

“म्हंजी?”

“तू दिवा मालवतीस नव्हं. कळतंय मला. असलं थोबाड रोज रोज कोन बघंल?”

पंकजा गर्रकन त्याच्याकडे वळली. इतकी वर्षं ती आपलं तोंड झाकत होती, आणि हा गडी ते सगळं स्वतःवर ओढून घेत होता. कधी एका शब्दाने बोलला नव्हता.

“अवो, त्यो दिवा मी माझ्या तोंडापायी मालवत हुते!”

“तुझ्या?” रामहरी खरोखरच चकित झाला. “तुझ्या तोंडाला काय झालंय?”

त्याने ते इतकं सरळ विचारलं की पंकजाचे डोळे भरून आले. तिने पडद्याकडे पाहिलं. तिथला गुळगुळीत माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. ट्रक भरताना डोक्यावरच्या मोळीसकट रामहरी फळीवरून घसरला, तेव्हाची ती खोक होती. तिनेच पदर फाडून बांधली होती, आणि त्याच दुपारी तो परत मोळ्या उचलायला उभा राहिला होता. त्या खोकेचा तिला किती अभिमान होता! हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. आज ती खोक कुणीतरी पुसली म्हणून तिला राग आला.

“गोरक्ष, हिकडं ये. यांचं तोंड पयल्यासारखं कर.”

गोरक्षने केलं. खोक परत आली, रापलेला रंग परत आला.

“आता तिचंबी,” रामहरी म्हणाला.

पडद्यावर गोरी सरपंचीण हसत होती. जन्मभर पंकजाला जी व्हावंसं वाटलं ती समोर होती, आणि सोडवत नव्हती. रामहरी पडद्याकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. पंकजाचा हात पदराकडे गेला आणि तसाच खाली आला.

“कर,” ती म्हणाली. “माजंबी कर.”

गोरक्ष हळहळला. “ताई, वीस फुटी फ्लेक्स हाय. समदे डाग दिसतील. लोक हसतील.”

“हसू दे. मतं त्यांनी ह्याच तोंडाला दिल्यात.”

गोरक्षला हसू आवरेना. “बरं, तुमचं पटलं. पन भाऊंच्या तोंडाला कुठं कुनी मत दिलंय?”

पंकजाने भर उजेडात, पदर न ओढता, नवऱ्याकडे डोळे भरून पाहिलं.

“ते बिनविरोध हायेत,” ती म्हणाली.