एकही फ्रेम सुटली नाही

बाबांच्या बाराव्याचे पाहुणे गेले आणि रुचिरा पनवेलच्या फ्लॅटवर येऊन थेट कम्प्युटरसमोर बसली. बाबांचा आवाज एकदा ऐकायचा होता. बस, एवढंच.

आवाज होता. सगळंच साठवलेलं होतं. कंपनीसाठी ती नवी फाइल सिस्टिम तयार करत होती, म्हणजे डिस्कवर काय, कुठे, कधी लिहायचं हे ठरवणारी व्यवस्था. काम महाकटकटीचं. चालू व्हिडिओला क्षणाचा उशीर चालत नाही, आणि त्याच डिस्कवर बिलं, पत्रं, याद्या अशा हजारो साध्या फाइलींची ये-जा. व्हिडिओला आधी वाट द्यायची आणि बाकीच्यांना उपाशीही ठेवायचं नाही! चाचणीला सतत चालणारा खराखुरा व्हिडिओ हवा होता. म्हणून तिने गव्हाण गावातल्या घरी कॅमेरा बसवला. आई गेल्यापासून तिथे बाबा एकटेच असत.

"मी तिकडून बघत असते हं तुम्हाला," ती म्हणाली होती. अगदीच खोटं नव्हतं ते. ती व्हिडिओ वेळेवर पोचतोय का हे दाखवणारे आलेख बघायची. चार महिन्यांत एकही फ्रेम सुटली नाही, म्हणून ऑफिसात पेढे वाटले. चित्र मात्र एकदाही उघडलं नाही. अहो, वेळ कुठे होता!

आता उघडलं. बाबा रोज संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर खुर्ची ओढून बसत. "बग, बोंबील आनलं आज," म्हणून ताट वर धरत. गावात कोणाचं लग्न ठरलं, कोणाची म्हैस व्याली, सगळं सांगत. रुचिराला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.

शेवटच्या अकरा दिवसांशी आली तर पडदाभर नुसता पांढरा टॉवेल. बाबांनी कॅमेरा झाकला होता! आलेख मात्र तेव्हाही हिरवेगार होते. टॉवेलच्या फ्रेमही वेळेवर पोचल्या होत्या. कोणी बघत नाही हे त्यांना कळलं आणि ते रागावले, असंच तिला वाटलं.

टॉवेलमागून आवाज येतच होता. खोकला. खोल, थांबता थांबेना असा. कॅमेरा झाकला त्याच्या आदल्या दिवशी फोनवर तर "जरा सर्दी हाय" एवढंच म्हणाले होते. त्यानंतर तिच्याकडून फोन करायचा राहूनच गेला, तो थेट दवाखान्यातूनच निरोप आला.

मग शेजारच्या गणूचा आवाज आला. "विठूदादा, कॅमेरा कशाला झाकलास?"

"आरं, पोर दिवसभर बगत असते. असा खोकताना बगून जीव घाबरंल तिचा." बाबा दम घेत हसले. "तू बगच आता. झाकला ना, लगेच फोन येल तिचा."